उताराला लागण्याआधी पॅड बघा

खानदेशातल्या माणसाला घरी येताना बहुतेक वेळा उतार लागतो. हे तापीचं खोरं आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री आणि मधल्या सखल पट्ट्यात धुळं, अमळनेर, जळगाव, भुसावळ. संभाजीनगरहून निघालात तर कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगाव. अजिंठ्याकडून आलात तर घाट उतरून फर्दापूर. इंदूरहून येताना सेंधव्यानंतर बिजासनचा उतार, मग पळासनेर, शिरपूर. नाशिककडून येताना चांदवडच्या पुढे राहूड घाट. सुरतेचं तेवढं उलटं, तिकडे जाताना कोंडाईबारी उतरावी लागते. दवाखाना, लग्न किंवा खरेदी आटोपून संध्याकाळी परत फिरायचं, गाडीत सात-आठ माणसं, मागे सामान, चालवणारा दमलेला. आणि गाडीच्या ब्रेकला दिवसातलं सगळ्यात अवघड काम नेमकं तेव्हाच करायचं असतं.

म्हणून हे आवाहन आहे. ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ, डस्टर, एक्सयूव्ही, फॉर्च्युनर किंवा आणखी कुठली मोठी गाडी घेतली आहे आणि ज्यांच्या गाडीत ब्रेकचा दिवा लागतोय किंवा चाकातून किर्र आवाज येतोय, त्यांनी पुढचा घाट उतरण्याआधी चारही चाकं खोलून बघावीत. दिवा लागत नसेल तरी बघावीत. दिवा का लागत नाही, याचंही एक कारण असू शकतं. ते पुढे सांगतो.

४ जुलै २०२३ला पळासनेरला काय झालं, हे शिरपूर तालुक्यात कुणाला वेगळं सांगायला नको. मध्य प्रदेशाकडून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, पुढच्या गाड्यांना धडका देत तो रस्त्याच्या कडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली, वीसहून जास्त जखमी झाली. तो अवजड ट्रक होता, त्याचे ब्रेक हवेच्या दाबावर चालणारे. आपल्या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. यंत्रणा वेगळी आहे, पण उतारावर दोघांनाही एकच गोष्ट पेलावी लागते, ती म्हणजे उष्णता. दोन टन वजनाची भरलेली गाडी अडीचशे मीटर खाली उतरते आणि चालवणारा सगळा वेग फक्त ब्रेकनेच आवरतो, तेव्हा तयार होणारी उष्णता साधारण पंधरा लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापवू शकेल इतकी असते. ही सगळी उष्णता चार चाकांतल्या पॅड, डिस्क आणि लायनरने सोसायची. त्यातही पुढच्या दोन चाकांवर जास्त भार. पॅड भरलेला असेल तर तो ती सोसतो. झिजून पापुद्र्याएवढा उरला असेल तर उष्णता थेट मागच्या लोखंडी पट्टीत आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चालतच राहते.

मे महिन्यात ब्रेक गेले की आपल्याकडे भुसावळच्या ४५ अंशांना दोष देतात. डिस्क घाटात सहज दोन-तीनशे अंशांवर जाते. तिथे बाहेरच्या दहा-पंधरा अंशांनी फारसं बिघडत नाही. दोष झिजलेल्या पॅडचा आणि जुन्या तेलाचा असतो.

आता गाडी इशारा कसा देते ते नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी जीभ लावलेली असते. थर तेवढा झिजला की ती जीभ डिस्कला टेकते आणि चाक फिरताना किरकिरायला लागते. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे. काही मिस्तरी ती जीभ पक्कडीने वाकवून देतात आणि आवाज गेला म्हणून पैसे घेतात. तसं करू देऊ नका. आवाज जातो, झीज तशीच राहते. नंतर जो आवाज येतो तो किरकिरीचा नसतो, खरवडण्याचा असतो. तेव्हा थर संपून लोखंडावर लोखंड घासत असतं.

युरोपीय बनावटीच्या आणि काही महागड्या गाड्यांमध्ये पॅडच्या आत एक बारीक वायर बसवलेली असते. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की डिस्क ती वायर कापते आणि मीटरमध्ये दिवा लागतो. हा दिवा बहुधा पिवळा असतो. वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस. पुष्कळ गाड्यांत असा सेन्सर चारही चाकांना नसतो. एक पुढे, एक मागे, एवढंच. ज्या चाकात सेन्सर नाही त्या चाकाचा पॅड संपला तरी मीटर गप्प राहतं.

लाल दिवा वेगळा. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते पाहा. खाली असूनही दिवा राहिला तर बहुधा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते: बाटली आणून तेल वरपर्यंत भरलं जातं. दिवा विझतो, सगळे खूश. पण तेल कमी का झालं? एक तर कुठेतरी गळतंय, किंवा पॅड झिजलेत. पॅड जसजसा बारीक होतो तसतसा पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला वरच्या डबीतलं तेल खाली जातं. म्हणजे बोलेरोसारख्या साध्या गाडीत, जिला पॅडचा वेगळा सेन्सर नाही, तिथे ही उतरलेली पातळी हाच झिजेचा इशारा. तेल ओतून तुम्ही तो पुसून टाकता. लाल दिवा लागला, तर तेल ओतण्याआधी चाक खोला. गळती निघाली तर गाडी हलवूच नका, मिस्तरीला जागेवर बोलवा.

पिवळा एबीएसचा दिवा हा तिसरा प्रकार. त्याचा पॅडशी बहुधा संबंध नसतो. तो लागला तर साधे ब्रेक चालतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल डांबरावर आलेला असतो तेव्हा हे महागात पडतं.

जुनी गाडी घेताना याच्याही आधीची एक गोष्ट बघायची असते. हँडब्रेक खाली ठेवून चावी ‘ऑन’वर फिरवा, इंजिन सुरू करू नका. मीटरमधले ब्रेकचे आणि एबीएसचे दिवे काही सेकंद लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा लागलाच नाही, तर तो काढलेला, झाकलेला किंवा तोडलेला असू शकतो. पॅडच्या सेन्सरची वायर जोडून टाकली की गाडीला पॅड ठीक वाटतो. हे काम करायला पाच मिनिटं पुरतात आणि पॅडचे पैसे वाचतात, म्हणून विकण्याआधी काही जण ते करतात. सेन्सरच्या तारेला चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर तिथेच थांबा आणि विचारा.

आपल्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्या कुठून येतात हेही लक्षात घ्या. पुणे, मुंबई, सुरत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मनाई केल्यापासून तिकडच्याही डिझेल एसयूव्ही एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. शहरात फिरलेल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण दर शंभर मीटरला दाबलेल्या ब्रेकने पॅड लवकर खाल्लेले असतात. पुढचे पॅड साधारण ३० ते ५० हजार किलोमीटर चालतात असं धरतात. शहरातल्या गाडीला तो हिशेब लावू नका. मीटर मागे फिरवलेलं असेल तर कुठलाच हिशेब लागत नाही. म्हणून मीटरवर विसंबण्यापेक्षा पॅड डोळ्याने बघा.

कागदांवरही विसंबू नका, हे जरा ठासून सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर तिचे ब्रेक तपासायला सरकारी यंत्रणा तुम्हाला बोलावत नाही. पीयूसी धुराची, ब्रेकची नाही. विमा अपघातानंतरचा. म्हणजे एमएच १९ किंवा एमएच १८ची पांढऱ्या पाटीची गाडी दहा-बारा वर्षं तीन-चार मालकांच्या हाती फिरली, तरी तिचे पॅड कधीच कुणी अधिकृतपणे पाहिलेले नसतील. हे काम मालकाचं आहे. तुम्ही मालक झालात त्या दिवसापासून तुमचं. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठीही केंद्राने नियम केले आहेत. १ एप्रिल २०२३पासून त्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला लाजू नका. पण ते अधिकारपत्र कागदांची आणि ताब्याची जबाबदारी ठरवतं, पॅडची जाडी त्याने कळत नाही.

तपासणी कशी करून घ्यायची? गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. गाडी सपाट जागी, न उचललेल्या चाकांना दगड, जॅकखाली स्टँड. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही हात घालू देऊ नका. चाक काढल्यावर बाहेरचा पॅड दिसतो आणि मिस्तरी म्हणतो, “चालस आप्पा, काही व्हत नही.” तेव्हा आतला पॅड दाखवायला सांगा. बहुतेक गाड्यांत कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. धूळ, चिखल, गंज यांनी त्या पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही आणि आतला पॅड एकटाच झिजत राहतो. बाहेर सहा मिलिमीटर, आत शून्य, असं सहज होतं. अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्च मारून ‘पॅड भरलेले आहेत’ सांगणाऱ्याने अर्धीच गोष्ट पाहिलेली असते. आपल्याकडे तर शेतरस्ते, कपाशीच्या दिवसातली धूळ, केळीच्या बागेतला ओला चिखल. पिना साफ करून त्यांना त्यांचंच ग्रीस लावणं हे पॅड बदलण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. ते केलं नाही तर नवा पॅडही तसाच एका बाजूने जाईल.

डिस्कवर बोट फिरवा, गार असताना. कडेला उंच ओठ लागला, खोल चरे लागले, तर जाडी मोजून घ्या. किती जाडीखाली वापरायची नाही तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. त्याच्या वर असेल तर लेथवर साफ करता येते, खाली गेली असेल तर बदलायचीच. इशारा आल्याबरोबर पॅड बदलला तर खर्च पॅडपुरता राहतो. खरवडण्याचा आवाज येईपर्यंत थांबलात तर डिस्कही जाते आणि बिल दुप्पट-तिप्पट होतं.

पॅड नेहमी जोडीने बदलायचे, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. सेन्सर कापला गेला असेल तर तोही नवा घ्या. कापलेली तार जोडून चालत नाही. कंपनीचे किंवा नामांकित ब्रेक बनवणाऱ्यांचे पॅड, पक्क्या बिलावर. खोक्यावर नाव नसलेला लोकल पॅड गावात फिरताना ठीक वाटतो, घाटात तापला की पकड सोडतो. आणि काढलेले जुने पॅड मागून घ्या. ते हातात आले की काय होतं आणि काय बदललं, दोन्ही कळतं. साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ आधी जाते मिस्तरीच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोराच्या फुप्फुसात. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ अशा गाड्यांना मागे डिस्क नसते, ड्रम असतो. आतले लायनर ड्रम उघडल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर येत असेल तर लायनर झिजलेत असं समजा. नुसती हँडब्रेकची केबल ताणून घेऊ नका.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं तेच तेल १५५च्या आसपास उकळू शकतं. गाडी घेताना आधीच्या मालकाने ते कधी बदललं याची नोंद मिळाली नाही, तर विचार करत बसू नका, बदलून टाका. डबीवर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं तेच भरा.

नवे पॅड बसवल्यावर एक गोष्ट जिवाची आहे. पिस्टन मागे ढकललेले असतात, म्हणून पहिलं पेडल थेट खाली जातं. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबा, घट्ट लागेपर्यंत. गॅरेजच्या दारातच धडकलेल्या गाड्यांमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. त्यानंतरचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा, पॅड डिस्कवर बसू द्या. म्हणजे आज पॅड टाकले आणि उद्या सकाळी भरल्या गाडीने सातपुडा चढून-उतरून आलो, असं करू नका.

आणि घाट उतरताना? ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हाताने खालचा गिअर ठेवायची सोय वापरा. पायाने पेडल सतत दाबून ठेवण्यापेक्षा, वेग वाढला की ठामपणे दाबून कमी करा आणि सोडा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागू द्या. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये, काही तर इंजिनच बंद करून, उतरणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे: थांबवा हे. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं. वाचलेलं डिझेल वाटीभर भरणार नाही. जळका वास आला, पेडल मऊ लागलं, तर सपाट जागा पाहून थांबा आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

सपाट रस्त्यालाही हे लागू आहे. फागणे ते तरसोद रस्ता चौपदरी झाल्यापासून पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात जिथे आपण साठने जायचो तिथे शंभरने जातो. वेग साठचा शंभर झाला की गाडी थांबवायला ब्रेकला जवळपास पावणेतीन पट ऊर्जा गिळावी लागते. आणि त्याच रस्त्यावर कापसाची ट्रॉली, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल, शेतातून वर चढणारी बैलगाडी आहेच.

गाडी विकणाऱ्यांनाही सांगणं आहे. घेणारा आपल्याच भागातला असतो, त्याच्या घरी म्हातारी माणसं, लेकरं असतात. पॅड संपले असतील तर तसं सांगा आणि किमतीत तेवढे पैसे कमी करा. व्यवहार मोडत नाही. मिस्तरी बंधूंनो, गिऱ्हाईक म्हणेल दिवा बंद करून दे. तुम्ही पॅड काढून त्याच्या हातात ठेवा. बहुतेक माणसं पाहिल्यावर नाही म्हणत नाहीत.

चैत्रात खानदेशातून वणीच्या गडाकडे माणसं पायी निघतात. धुळ्याकडून, जळगावकडून, रात्रीच्या गारव्यात, रस्त्याच्या कडेने, बायकापोरांसह. त्याच रस्त्याने आपल्या गाड्याही गडाला जातात आणि नांदुरीचा घाट उतरून परत येतात. त्या गर्दीच्या आठवड्यात गॅरेजवाल्याला वेळ नसतो, घाईत चाक नीट खोललं जात नाही. म्हणून होळीच्या आधीच एखादा साधा वार धरा, सकाळी गाडी द्या, तास-दोन तास तिथे थांबा, चारही चाकांचे आतले-बाहेरचे पॅड, मागे ड्रम असेल तर लायनर, मोजून घ्या आणि आकडे तारीख-किलोमीटरसह गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी झीज किती झाली ते त्यावरून कळेल, आणि उद्या तुम्ही ही गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याच्या हातात तोच कागद द्या.